पेशींची बोलणी आणि सहावे बोट

आपल्या डिचोली-पेडण्याच्या गावांत एखादे मूल सहा बोटे घेऊन जन्मास आले, तर घरची वडीलधारी मंडळी त्यास भाग्यवान म्हणतात. तेच मूल फाटका ओठ घेऊन जन्मास आले, तर सर्वांची नजर त्याच्या आईकडे वळते. ग्रहणात तिने विळी हाती धरली असेल, सुईत दोरा ओवला असेल, असा निवाडा होतो. आमच्या मोहल्ल्यातील दादी-नानी आणि शेजारच्या वाड्यावरील आजीबाई यांच्या चालीरीती वेगळ्या असतील. या एका बाबतीत मात्र त्यांचे एकमत असते.

हा निवाडा चुकीचा आहे, एवढेच म्हणून भागत नाही. मग खरे कारण काय, असा प्रश्न लगेच पुढे येतो, आणि तो रास्त आहे. गेल्या शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनी त्याचे बरेचसे उत्तर मिळविले आहे. २०१२ नंतर जनुक-संपादन नावाच्या नव्या साधनाने ते उत्तर पुष्कळ नेमके झाले. ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे हा विषय पाठाच्या रीतीने मांडावा, असा आमचा विचार आहे. विषय थोडा कठीण आहे. परंतु आठवीच्या मुलास जे समजते ते त्याच्या आईबापांसही समजेल, या भरवशावर आम्ही पुढे जातो.

एका पेशीपासून देह

मृगाचा पाऊस पडला की सड्यावरील डबक्यांत आणि शेतांच्या मेरांकडेच्या पाण्यात बेडकांची अंडी दिसू लागतात. प्रत्येक काळा ठिपका ही आरंभी एकच पेशी असते. काही तासांत तिच्या दोन होतात, दोनांच्या चार, चारांच्या आठ. पुढे त्या गोळ्यातून डोके, शेपटी, डोळे व हृदय असलेले जिवंत पिल्लू तयार होते. कोंबडीच्या अंड्यात हेच काम एकवीस दिवस चालते. माणसाच्या बाबतीत ते आईच्या पोटात चालते आणि त्याचा सर्वांत नाजूक भाग पहिल्या दोन-अडीच महिन्यांत उरकतो.

येथे एक कोडे आहे. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डी.एन.ए. नावाच्या लांब धाग्यावर लिहिलेली तीच ती पोथी असते. तिची लिपी चार अक्षरांची आणि एकूण अक्षरे सुमारे ३०० कोटी. या पोथीतील एकेक प्रकरण म्हणजे एकेक जनुक. सर्व पेशींजवळ पोथी एकच आहे, तर एक पेशी डोळ्याची आणि दुसरी हाडाची का होते?

उत्तर असे की, प्रत्येक पेशी पोथीतील सगळी प्रकरणे वाचीत नाही. कोणती वाचावयाची आणि कोणती मिटून ठेवावयाची, हे पुष्कळ अंशी शेजारच्या पेशी तिला कळवितात. एक पेशी एखादे प्रथिन बाहेर सोडते. दुसरीच्या अंगावर ते ओळखणारा ग्राहक असतो. तो निरोप आत पोहोचवितो. आणि आत एखादे जनुक जागे होते किंवा निजते. गर्भाची घडण म्हणजे अशा लक्षावधी निरोपांची देवघेव होय.

हे पहिल्यांदा स्पष्ट दाखविले ते जर्मनीतील हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी, १९२४ साली. बेडकाच्या नात्यातील न्यूट नावाच्या प्राण्याच्या कोवळ्या गर्भातून त्यांनी एक छोटासा तुकडा काढला आणि वेगळ्या रंगाच्या दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडील बाजूस लावला. तेथे दुसरा देह घडू लागला. विशेष असे की, या दुसऱ्या देहाचा बराचसा भाग यजमान गर्भाच्याच पेशींनी बनविला होता. म्हणजे आणलेल्या तुकड्याने केवळ निरोप दिला आणि शेजाऱ्यांनी तो पाळला. श्पेमान यांना १९३५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हिल्डे मांगोल्ड मात्र १९२४ सालीच तरुणपणी अपघातात वारल्या होत्या.

कोंबडीचा पंख काय सांगतो

आता बोटांकडे येऊ. हाताचा आरंभ एका बारीक कोंबापासून होतो. माणसाच्या गर्भात तो चौथ्या आठवड्याच्या अखेरीस दिसतो, आणि आठव्या आठवड्यापर्यंत बोटे सुटी होतात. या कोंबाला अंगठा कोणत्या बाजूस आणि करंगळी कोणत्या बाजूस, हे कसे समजते?

१९६८ साली अमेरिकेतील जॉन साँडर्स आणि मेरी गॅसेलिंग यांनी कोंबडीच्या गर्भातील पंखाच्या कोंबाच्या मागील कडेचा एक कण उचलून पुढील कडेस लावला. कोंबडीच्या पंखात तीन बोटे असतात. या पिल्लाच्या पंखात दुप्पट बोटे आली, आणि तीही आरशात पाहावे तशी उलटसुलट क्रमाने. तेव्हा मागील कडेतून काहीतरी निरोप निघतो, हे ठरले. तो निरोप कोणता, हे कळावयास १९९३ साल उजाडले. त्या प्रथिनाचे नाव ‘सॉनिक हेजहॉग’. हेजहॉग हा काटेरी अंगाचा एक छोटा प्राणी. ज्या फळमाशीत या घराण्यातील पहिले जनुक बिघडलेले सापडले, तिची अळी तशी काटेरी दिसे, म्हणून हे नाव; आणि ‘सॉनिक’ हे मुलांच्या एका पडद्यावरील खेळातले पात्र.

याचे काम समजावयास स्वयंपाकघरातील उदाहरण पुरेसे आहे. घरात बांगडे तळत असले तर चुलीपाशी वास दाटलेला असतो, ओसरीवर बेताचा येतो, आणि फाटकापाशी येतो न येतोसा होतो. डोळे बांधलेला मनुष्यसुद्धा वासाच्या जोरावरून आपण घरात कोठे उभे आहोत, हे सांगू शकेल. हाताच्या कोंबातील पेशी हेच करतात. जेथे निरोप जास्त आणि अधिक काळ मिळतो तेथे करंगळी घडते. जेथे तो पोहोचतच नाही तेथे अंगठा. आता कल्पना करा की, चुकून अंगठ्याच्या बाजूसही दुसरी चूल पेटली. तेथील पेशी फसतात आणि एक जादा बोट घडवितात. अंगठ्याच्या बाजूस येणाऱ्या सहाव्या बोटाचा उगम अनेकदा असाच असतो.

कोंबडीच्या गर्भाच्या अभ्यासाची परंपरा आपल्याकडेही आहे. पुणे विद्यापीठातील प्राध्यापिका लीला मुळेरकर यांनी एडिंबरो येथे सी. एच. वॉडिंग्टन यांच्या हाताखाली हे शास्त्र आत्मसात केले आणि पुण्यास परतून कोंबडीचे गर्भ काचपात्रात वाढवून पाहण्याची विद्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना शिकविली.

जनुकाचा पत्ता

काही घराण्यांत सहावे बोट बापाकडून किंवा आईकडून मुलांत उतरते. अशा घराण्यांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी पोथीतील ती जागा हुडकली. जागा हुडकण्याची रीत अशी: दोन गुण पिढ्यानुपिढ्या किती वेळा बरोबर उतरतात आणि किती वेळा त्यांची फारकत होते, हे मोजावयाचे. फारकत क्वचित, तर जागा जवळजवळ. फारकत वारंवार, तर जागा लांब. या मोजणीवरून अंतर काढण्याचे एक सूत्र १९४४ साली प्रसिद्ध झाले, आणि ते आजही जगभर ‘कोसंबी सूत्र’ म्हणून वापरतात. हे कोसंबी म्हणजे १९०७ साली आपल्या गोव्यात, कोसबें येथे जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून त्यांस आपण ओळखतो. जनुकांच्या नकाशातही त्यांचे नाव आहे, हे आपल्या मुलांस ठाऊक असावे.

सहाव्या बोटाचा पत्ता निघाला तो चमत्कारिक. हेजहॉग जनुकात दोष नव्हता. त्या जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर असलेल्या एका छोट्या तुकड्यात एखादे अक्षर बदललेले होते. हा तुकडा म्हणजे हाताच्या कोंबापुरती हेजहॉगची कळ. दिवा एका खोलीत आणि बटण दुसऱ्या खोलीत, तसा हा प्रकार. २००५ साली जपानी संशोधकांनी उंदरांतून ही कळ काढून टाकली, तेव्हा त्यांच्या पायांचा टोकाकडील भाग घडलाच नाही. डोके व मेंदू मात्र ठीक राहिले. कारण तेथे तेच जनुक दुसऱ्या कळांनी चालते.

मिठागरातून निघालेली कात्री

असे प्रयोग पूर्वी फार वेळ खात. एक उंदीर तयार करावयास वर्ष आणि त्याहून अधिक काळ लागे. नवी कात्री आली आणि हे काम आठवड्यांवर आले. तिचे नाव ‘क्रिस्पर’. तिचा इतिहास आपल्या लोकांस जवळचा वाटावा असा आहे.

पेडण्यातील आगरवाड्याची मिठागरे आपण पाहिली आहेत. मीठ धरू लागलेल्या पाण्यास कधी कधी तांबूस झाक येते. ती पुष्कळदा मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांची असते. स्पेनमधील मिठागरांतील अशाच एका सूक्ष्मजीवाचा अभ्यास फ्रान्सिस्को मोहिका हे करीत होते. त्याच्या डी.एन.ए.त एकच मजकूर ठरावीक अंतराने पुनःपुन्हा येतो, असे त्यांच्या ध्यानात आले. जपानात इशिनो व त्यांच्या सहकाऱ्यांस १९८७ साली दुसऱ्या एका जिवाणूत असाच मजकूर आढळला होता. मधल्या जागांत असतात ती पूर्वी हल्ला करून गेलेल्या विषाणूंची टिपणे, हे पुढे कळले. जणू जिवाणूने चोरांची वर्णने लिहून ठेवलेली वही. ही वही जिवाणूस खरोखरच वाचविते, हे २००७ साली दही लावण्याच्या कामी येणाऱ्या जिवाणूवर सिद्ध झाले. २०१२ साली जेनिफर डाउडना आणि एमान्युएल शार्पोंतिए यांनी दाखविले की, त्या वहीत आपल्या मनाप्रमाणे वर्णन लिहून दिले तर जिवाणूची कात्री आपण सांगू तेथे डी.एन.ए. कापते. या दोघींना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्णन असते वीस अक्षरांचे. चार अक्षरांतून वीस अक्षरी शब्द किती होतील, हे मुलांनी करून पाहावे. उत्तर एक लाख कोटींच्या वर जाते. पोथीत अक्षरे ३०० कोटी, तेव्हा वीस अक्षरांचा पत्ता बहुधा एकाच जागी लागू पडतो. बहुधा म्हणण्याचे कारण, जवळपास सारखा दिसणारा दुसरा पत्ता चुकून कापला जाण्याचा धोका राहतोच. कापल्यावर पेशी घाईने सांधते आणि तेथे दोन-चार अक्षरे गळतात वा जादा शिरतात. जनुक निकामी होते. सांधताना सोबत नवा मजकूर दिला तर कधी कधी पेशी तोच लिहून घेते. पहिल्या रीतीने एखादा निरोप बंद करून पाहता येतो, दुसऱ्या रीतीने तो बदलून पाहता येतो. गर्भात काय चुकले यावरून त्या निरोपाचे काम समजते.

सापाचे पाय

या कात्रीचा एक सुंदर प्रयोग २०१६ साली अमेरिकेतील बर्कली येथे झाला. सापास पाय नाहीत; परंतु अजगराच्या गुदद्वाराजवळ दोन बारीक नख्या असतात, त्या मागील पायांच्या खुणा. सापाजवळ हेजहॉग जनुक शाबूत आहे. मग पाय गेले कोठे? संशोधकांनी उंदराच्या गर्भातील ती हाता-पायांची कळ कापून तिच्या जागी निरनिराळ्या प्राण्यांच्या कळा बसविल्या. माणसाची बसविली, उंदरास नीट पाय आले. एका प्राचीन घराण्यातील माशाची बसविली, तरीही पाय आले. नागाची आणि अजगराची बसविली, तेव्हा पायांच्या जागी फक्त खुंट राहिले. सापांच्या कळेतून १७ अक्षरांचा एक तुकडा हरवलेला आहे, असे त्यांस दिसले. तो तुकडा अजगराच्या कळेत पुन्हा घातला, आणि उंदरास पूर्ण पाय आले.

एका कळेत एक अक्षर बदलले तर जादा बोट, सतरा हरवली तर पायच नाही. हे सर्व आईच्या पोटात, मूल अळीएवढे असताना ठरते. यात भाग्याचा किंवा अपराधाचा प्रश्न येतो कोठे?

आपल्या देशातही हे काम चालते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. उबैद सिद्दीकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा पाया घातला. गोव्याच्या घराण्यातील, नैरोबीत जन्मलेल्या डॉ. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी तेथेच फळमाशीची वासाची इंद्रिये कशी घडतात याचा अभ्यास केला. त्याच संस्थेत डॉ. महेंद्र सोनवणे झेब्रा माशाच्या पारदर्शक गर्भात त्वचा कशी घडते ते पाहतात. पुण्याची आघारकर संशोधन संस्था तर तेरेखोलपलीकडील आपल्या शेजाऱ्याच्या नावाची. शंकर पुरुषोत्तम आघारकर मूळचे मालवणचे. तेथे डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी गोड्या पाण्यातील हायड्रा या चिमुकल्या जीवात हेच पेशींचे निरोप किती जुने आहेत, याचा शोध घेतला.

मग आईचा दोष काय?

आता ग्रहणाकडे वळू. ओठाचे दोन भाग गर्भात वेगवेगळे वाढतात आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतात. टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत जुळते. जुळण्याचा निरोप वेळेवर न पोहोचल्यास फट राहते. म्हणजे पाचव्या महिन्यात लागलेले ग्रहण दुसऱ्या महिन्यात जुळून गेलेला ओठ फाडू शकत नाही. शिवाय ग्रहण एका घरापुरते लागत नाही. १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास सूर्यग्रहण आपल्या दक्षिणेस अंकोल्यावरून गेले आणि गोव्यातही सूर्य मोठ्या भागाने झाकला गेला. त्या दिवशी ज्या हजारो गरोदर बाया होत्या, त्यांतील कित्येकींनी नकळत विळी, कोयता हाती धरला असेल. त्या सर्वांची मुले फाटक्या ओठांची झाली नाहीत. उलट, जगात सुमारे ७०० जन्मांमागे एक मूल असे जन्मते, आणि ते ग्रहण असलेल्या व नसलेल्या वर्षांत सारखेच.

काही वेळा कारण एखाद्या जनुकात सापडते. काही वेळा तंबाखूचा धूर, ताब्यात नसलेला मधुमेह किंवा फेफऱ्यावरील काही औषधे धोका वाढवितात. बहुतेक वेळा अनेक बारीक कारणे एकत्र येतात. अशा मुलांच्या आया वर्षानुवर्षे मान खाली घालून वावरताना आम्ही पाहिल्या आहेत. काही माहेरी परत पाठविल्या गेल्या. मूल दवाखान्यात न्यावयाचे सोडून लपवून ठेवले गेले. ज्ञान नसल्याची ही किंमत आहे, आणि ती नेहमी बाईने मोजली आहे.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. पोटातील मूल या कात्रीने दुरुस्त करून देतो, असे कोणी म्हणाल्यास विश्वास ठेवू नये. चीनमध्ये २०१८ साली एका संशोधकाने मानवी गर्भांत बदल करून जुळ्या मुली जन्मास आणल्याचे जाहीर केले. जगभर निषेध झाला आणि २०१९ साली त्यास तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. कारण असा बदल पुढील सर्व पिढ्यांत उतरतो, आणि चुकीचा कापही उतरतो. आपल्या देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांनुसार असे बदल करून मूल जन्मास घालण्यास बंदी आहे आणि मानवी गर्भ प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे वाढविता येत नाही. याउलट मोठ्या रुग्णाच्या रक्त बनविणाऱ्या पेशी काढून, दुरुस्त करून परत घालणे, हा निराळा उपचार आहे. सिकल सेल व थॅलॅसेमिया या रोगांसाठी त्यास २०२३ साली ब्रिटनमध्ये पहिली मान्यता मिळाली. तो बदल त्या रुग्णापुरताच राहतो.

कुटुंबांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून होतो ती नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते, बहुधा बाईस दिवस गेल्याचे नीट कळण्यापूर्वीच. फॉलिक ॲसिडने ती उघडी राहण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. सात देशांतील एका मोठ्या चाचणीत, पूर्वी असे मूल झालेल्या मातांत पुन्हा तसेच होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले, असे १९९१ साली दिसून आले. म्हणून मूल हवे असे ठरताच, निदान एक महिना आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. पूर्वी असे मूल झाले असल्यास अधिक मात्रा लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी.

२. फेफरे किंवा मधुमेह असलेल्या बाईने गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांस भेटावे. औषध मनाने बंद करू नये.

३. सहाव्या बोटासारखा काही दोष एकाच पालकाकडून उतरतो. थॅलॅसेमियासारखे रोग मात्र दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आली तरच होतात. आमच्या समाजात चुलत-मावस भावंडांत, तर इतर काही समाजांत मामे-आते भावंडांत विवाह होतात. रक्त जवळचे असले की तीच सदोष प्रत दोघांजवळ असण्याचा संभव वाढतो. लग्न ठरविण्यापूर्वी दोघांच्या रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. यात कोणाच्या खानदानास कमीपणा नाही.

४. फाटका ओठ शस्त्रक्रियेने पहिल्या वर्षातच शिवता येतो, टाळूही त्यानंतर लवकर जोडता येते. सहाव्या बोटाचे मूल एकदा डॉक्टरांस दाखवावे. क्वचित त्यासोबत आतील अवयवांत दोष असतो.

ट्रस्ट दरवर्षी मुलांस वह्या-पुस्तके देतो आणि गरजू मुलींच्या विवाहास साह्य करतो. त्या साह्याबरोबर रक्ततपासणीची चिठ्ठी आणि फॉलिक ॲसिडची माहिती असा एक कागद जोडला जावा, अशी विश्वस्तांस आमची विनंती आहे. खर्च थोडा आहे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. उबवणीच्या अंड्यास पाचव्या-सहाव्या दिवशी अंधारात विजेरीच्या प्रकाशासमोर धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या रेषा कशाच्या? अंडे लगेच कोंबडीखाली परत ठेवा.

२. डबक्यातील बेडकाची अंडी जागच्या जागी रोज पाहून चित्रे काढा. शेपटी कोणत्या दिवशी दिसली? (बेडूक पकडणे व मारणे कायद्याने गुन्हा आहे.)

३. सापाजवळ हेजहॉग जनुक असूनही त्यास पाय का नाहीत?

४. ग्रहणामुळे ओठ फाटतो असे घरी कोणी म्हणाले, तर कोणती दोन कारणे देऊन तुम्ही उत्तर द्याल? उत्तर आजीला आदराने सांगा, आणि ती काय म्हणाली ते वहीत लिहा.